प्लंजर लिफ्टच्या विहिरीवर दाबावर चालणारा कंट्रोलर: लावण्यापासून सांभाळण्यापर्यंत

विहिरीपाशी गाडी थांबवली की मी कंट्रोलरचं झाकण आधी उघडत नाही. आधी दाबाचे दोन गेज बघतो: केसिंगचा, म्हणजे विहिरीच्या बाहेरच्या मोठ्या नळीचा, आणि ट्यूबिंगचा, म्हणजे तिच्या आतल्या, गॅस वर आणणाऱ्या नळीचा. दोन्हीतला फरक कळला की खाली नळीत किती पाणी उभं आहे याचा अंदाज येतो. मग स्क्रीनवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, ते ठरवता येतं.

मी काम करतो ते न्यू मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यात, फार्मिंग्टनच्या आसपासच्या सॅन हुआन खोऱ्यात. मेसाव्हर्डे आणि डकोटा या थरांमधल्या जुन्या गॅस विहिरी इथे खेड्यातल्या बोअरवेलसारख्या जागोजाग आहेत. इथे विहिरींवर फेरी मारणाऱ्या माणसाला ‘पंपर’ म्हणतात, मग विहिरीवर पंप असो वा नसो. आपल्याकडे मुंबई हायमुळे ‘गॅस लिफ्ट’ हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. त्यात वरून दाबाने गॅस सोडून तेल उचलतात. प्लंजर लिफ्टमध्ये बाहेरून काहीच सोडत नाहीत, विहिरीचाच गॅस विहिरीचं पाणी उचलतो. हा लेख इन्स्ट्रुमेंटेशनच्या किंवा फील्डच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी आहे.

विहीर का दबते

गॅस जोरात वाहत असतो तोवर पाण्याचे थेंब त्याच्याबरोबर वर येतात. विहीर म्हातारी होते, प्रवाह कमी होतो, आणि एका वेगाच्या खाली थेंब परत खाली पडायला लागतात. तळाशी पाणी साठतं, त्याचं वजन थरावर बसतं, गॅस आणखी कमी येतो, मग पाणी आणखी साठतं. याला आम्ही विहीर ‘लोड’ झाली म्हणतो. या सीमारेषेच्या वेगाचं गणित १९६९ साली टर्नर, हबर्ड आणि डकलर यांनी मांडलं. त्यात त्यांनी २० टक्के वाढ धरली होती. कमी दाबाच्या विहिरींना ती लागत नाही, असं कोलमन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं. आमच्या विहिरी कमी दाबाच्याच, त्यामुळे मी कोलमनचा आकडा धरतो. २⅜ इंची ट्यूबिंग आणि वर साधारण १०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब असेल, तर पाण्यासाठी हा आकडा दिवसाला २९० एमसीएफच्या, म्हणजे २ लाख ९० हजार घनफुटांच्या आसपास येतो. प्रवाह त्याखाली गेला की पाणी मागे राहायला लागतं.

प्लंजर म्हणजे नळीत जेमतेम बसणारा पोलादी दट्ट्या. पिचकारीतला दट्ट्या आठवा, फक्त इथे त्याला दांडा नाही. विहीर बंद केली की तो खाली पडतो आणि तळाच्या स्प्रिंगवर जाऊन बसतो. त्याच्यावर पाणी साठलेलं असतं. दरम्यान केसिंग आणि ट्यूबिंगमधल्या मोकळ्या जागेत गॅसचा दाब वाढत राहतो. वरचा मोटर व्हॉल्व्ह (कंट्रोलरच्या हुकमावर गॅसच्या दाबाने उघडबंद होणारा) उघडला की तो साठलेला गॅस प्लंजरच्या खालून घुसतो आणि प्लंजर पाण्याचा गोळा डोक्यावर घेऊन वर येतो. तो विहिरीच्या डोक्यावरच्या ल्युब्रिकेटर नावाच्या, आत स्प्रिंग असलेल्या नळकांड्यात जाऊन आदळतो, त्यानंतर काही वेळ नुसता गॅस वाहतो, मग पुन्हा बंद. हे उघडणं आणि बंद करणं कंट्रोलर करतो.

पूर्वी हे घड्याळावर चालायचं: दोन तास बंद, एक तास चालू. पण लाइनचा, म्हणजे विहिरीतून गॅस पुढे नेणाऱ्या पाइपचा, दाब दुपारी एक असतो आणि रात्री दुसरा. पुढचा कॉम्प्रेसर बंद पडला तर लाइन ४० पीएसआयने चढते, आणि घड्याळाला त्याचा पत्ता नसतो. दाबावर चालणारा कंट्रोलर विहीर तयार झाल्यावर उघडतो. मात्र ‘तयार’ म्हणजे काय, ते त्याला आपणच सांगायचं असतं.

आकडे हातात घ्या

सेटिंग भरण्याआधी एका कागदावर हे लिहून काढा: विहिरीची खोली, ट्यूबिंगचा व्यास, प्लंजरचा प्रकार, लाइनचा नेहमीचा आणि जास्तीत जास्त दाब, दिवसाचा गॅस, दिवसाचं पाणी. पुढच्या सगळ्या हिशोबासाठी एक नमुना विहीर धरू: ७,००० फूट खोल, २⅜ इंची ट्यूबिंग, लाइन ८० पीएसआय, दिवसाला १५० एमसीएफ गॅस आणि ४ बॅरल पाणी. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर.

पहिला प्रश्न: ही विहीर प्लंजरला झेपते का? ठोकताळा असा की दर हजार फुटांना, दर बॅरलमागे, ४०० घनफूट गॅस लागतो. ७,००० फुटांना २,८००. आपल्याकडे बॅरलमागे ३७,५०० आहे, तेव्हा गॅसची चणचण नाही. हा ठोकताळा पॅकर (ट्यूबिंग आणि केसिंगमधली जागा खाली बंद करणारं बूच) नसलेल्या, केसिंग मोकळं असलेल्या विहिरीचा आहे. पॅकर असेल तर केसिंगमधला साठा हाताशी नसतो आणि हिशोब पार बदलतो.

दुसरं गणित मी नवख्या माणसाकडून तोंडपाठ करून घेतो. २⅜ इंची ट्यूबिंगमध्ये एक बॅरल पाणी सुमारे २५८ फूट उंच उभं राहतं. गोड्या पाण्याचा दाब फुटाला ०.४३३ पीएसआय. म्हणजे एक बॅरल = ११२ पीएसआय, अर्धा बॅरल = ५६. विहीर बंद असताना केसिंग २९० आणि ट्यूबिंग २३४ दिसलं, तर फरक ५६, म्हणजे प्लंजरवर साधारण अर्धा बॅरल पाणी आहे. २⅞ इंची नळी असेल तर एका बॅरलचे ७५ पीएसआयच होतात, म्हणून एका विहिरीचा आकडा दुसरीला चिकटवू नका.

यंत्रं आधी, सेटिंग नंतर

कंट्रोलर ‘नीट’ करायला बोलावलेल्या निम्म्या वेळा दोष कंट्रोलरमध्ये नसतोच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! म्हणून आकड्यांना हात लावण्याआधी एवढं बघून घ्या.

दाबाचे ट्रान्समीटर: दोन्ही विहिरीच्या दाबापासून तोडून हवेला उघडा आणि शून्य दाखवतात का बघा. केसिंगचा ट्रान्समीटर १५ पीएसआय जास्त आणि ट्यूबिंगचा १० कमी दाखवत असेल, तर कंट्रोलरला पाव बॅरलच्या जवळपास खोटं पाणी दिसतं. बंद विहिरीत ट्यूबिंगचा दाब केसिंगपेक्षा जास्त दिसला तर मी सर्वात आधी ट्रान्समीटरवर संशय घेतो.

मोटर व्हॉल्व्ह: बंद असताना पुरता बंद होतो का? बंद केल्यावर मीटरवर प्रवाह शून्य यायला हवा. सीट झिजून गॅस गळत असेल तर तो पडणाऱ्या प्लंजरला खालून धरून ठेवतो, आणि प्लंजर तळाला पोचलाच नाही हे तुम्हाला कळतही नाही. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या डायफ्रामला (पडद्याला) जाणाऱ्या गॅसचा दाब व्हॉल्व्हच्या पाटीवर दिलाय तेवढाच ठेवा, साधारण २० ते ३० पीएसआयच्या घरात असतो. तो गॅस ओला असतो, म्हणून वाटेतलं ड्रिप भांडं रिकामं करा. हा गॅस सोडणारा-अडवणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, हाताने चार वेळा उघडबंद करून बघा, दर वेळी खणखणीत ‘टक्’ आलं पाहिजे.

आगमन सेन्सर ल्युब्रिकेटरच्या अंगावर पट्ट्याने बांधलेला असतो आणि प्लंजर आला की कंट्रोलरला कळवतो. बहुतेक चुंबकीय असतात, जवळून पोलादी पाना फिरवला की स्क्रीनवर आगमनाची नोंद उमटते. पट्टा घट्ट आहे का आणि वायर कुरतडलेली नाही ना, ते बघा. बॅटरी आणि सौर पट्टीही बघून घ्या.

शेवटी नळी. वायरलाइनवाल्यांकडून (तारेवर हत्यारं विहिरीत सोडणाऱ्यांकडून) नळीचं माप घेणारा गेज उतरवून घ्या. २⅜ इंचीचा ड्रिफ्ट, म्हणजे नळीतून अडथळ्याशिवाय जायला हवा तो व्यास, १.९०१ इंच आहे; त्या मापाचा गेज अडखळला तर प्लंजरही अडखळणार.

जिवाची काळजी

प्लंजर चारपाच किलोंचा असतो. वर पाणी नसताना तो सुटला तर गोळीसारखा येतो, आणि ल्युब्रिकेटर फुटल्याच्या घटना या धंद्यात झाल्या आहेत. व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी ल्युब्रिकेटरच्या टोपीवर झुकू नका आणि त्याच्या रेषेत उभे राहू नका. वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा. गॅस मॉनिटर खिशात नको, छातीवर हवा.

प्लंजर बाहेर काढायचा असेल तर क्रम असा: कॅचर (वर आलेला प्लंजर ल्युब्रिकेटरमध्ये धरून ठेवणारा खटका) आत घाला, प्लंजर येऊ द्या, ल्युब्रिकेटरच्या खालचा मास्टर व्हॉल्व्ह आणि लाइनकडचा व्हॉल्व्ह बंद करा, सुईव्हॉल्व्हने दाब हळूहळू सोडा. गेज शून्यावर आला की सुईव्हॉल्व्ह उघडाच ठेवून दोन मिनिटं थांबा. पुन्हा फुसफुस झाली तर मास्टर गळतोय, टोपीला हात लावू नका.

पहिली फेरी हाताने

नवा कंट्रोलर लावला की पहिल्याच दिवशी त्याला मोकळं सोडू नका. पहिली फेरी समोर उभं राहून हाताने करा.

विहीर बंद करा आणि प्लंजरला पडायला वेळ द्या. पॅडचा प्लंजर (अंगावर स्प्रिंगने नळीला टेकणाऱ्या पट्ट्या असलेला) गॅसमधून मिनिटाला २५० फूट पडतो असं धरा. ७,००० फुटांना २८ मिनिटं, पाण्यातून त्याहून सावकाश, म्हणून मी ४० धरतो. साध्या सळईचा प्लंजर यापेक्षा लवकर पडतो, ब्रशवाला आणखी उशिरा, आणि पोटातून गॅस जाऊ देणारा बायपास प्लंजर मिनिटाला १,००० फुटांच्याही पुढे जातो. हा वेळ कंट्रोलरमध्ये ‘किमान बंद वेळ’ म्हणून जाणार आहे, आणि त्यात कधीही काटकसर करायची नाही. दाब कितीही चढलेला असो, प्लंजर तळाला पोचायच्या आत उघडलं तर तो वाटेतूनच, पाण्याशिवाय परततो.

आता उघडा आणि ऐका. आधी नळीतल्या गॅसचा कोरडा फूत्कार येतो, ट्यूबिंगचा दाब झरझर लाइनकडे उतरतो आणि केसिंग सावकाश खाली सरकायला लागतं. काही मिनिटांनी आवाज जड होतो, घशात गुळणी धरल्यासारखा. पाणी वर आलं. ट्यूबिंगचा काटा क्षणभर वर उडी मारतो, मग ‘ठण्’ आणि लगेच गॅसचा लोंढा. उघडल्यापासून ‘ठण्’पर्यंतचा वेळ लिहून ठेवा. सरासरी वेग मिनिटाला ५०० ते १,००० फूट हवा, ७५० च्या आसपास उत्तम. आपल्या विहिरीसाठी म्हणजे ७ ते १४ मिनिटं, आदर्श साडेनऊच्या आगेमागे.

सेटिंग भरताना

प्रत्येक उत्पादकाच्या मेनूत नावं वेगळी असतात, कल्पना तीच.

उघडण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्यात अशी रचना करा. एक, किमान बंद वेळ उलटलेला असावा, आपल्याकडे ४० मिनिटं. दोन, केसिंग वजा लाइन, म्हणजे उचलणारा दाब, ठरलेल्या आकड्यावर गेलेला असावा. नुसत्या केसिंगच्या दाबावर उघडण्याची सोयही असते, पण लाइन वरखाली होणाऱ्या ठिकाणी ती मी वापरत नाही. तीन, लोड फॅक्टर मर्यादेत असावा. लोड फॅक्टर म्हणजे केसिंग-ट्यूबिंग फरकाला केसिंग-लाइन फरकाने भागून काढलेली टक्केवारी. आपल्या उदाहरणात ५६ भागिले २१०, म्हणजे सुमारे २७ टक्के. हा आकडा ५० च्या वर असताना उघडू नका, ४० च्या आत असेल तर निर्धास्त. साध्या भाषेत, डोक्यावरच्या ओझ्याच्या दुप्पट तरी जोर अंगात असल्याशिवाय ओझं उचलायला जायचं नाही.

सुरुवातीला उचलणारा दाब थोडा चढा ठेवतो, समजा २१०. मग उतरवत जायचं.

बंद करण्यासाठी दोन चांगल्या खुणा आहेत. पहिली, त्या क्षणाचा प्रवाह सीमारेषेच्या दराला टेकणं, आपल्या विहिरीत दिवसाला २९० एमसीएफच्या दराला (१५० ही बंद वेळ धरून दिवसभराची बेरीज). दुसरी मला जास्त आवडते. प्लंजर आल्यानंतर केसिंग उतरत राहतं, एका तळाला टेकतं आणि मग पुन्हा चढायला लागतं. नळीत पाणी साठू लागलं याची ती पहिली चाहूल. त्या तळापासून ४-५ पीएसआय वर आलं की मी बंद करायला सांगतो. ट्रान्समीटरचा आकडा थरथरत असेल तर मात्र ही खूण फसवते, तेव्हा प्रवाहावर या.

आगमनाच्या खिडक्या भरा: ७ मिनिटांच्या आत ‘जलद’, ७ ते १४ ‘ठीक’, १४ च्या पुढे ‘मंद’, आणि ३० मिनिटांत आलाच नाही तर ‘आला नाही’, विहीर बंद. धोक्याची वेगळी खिडकीही ठेवा: दोन फेऱ्यांत प्लंजर साडेचार मिनिटांच्या आत वर आला तर कंट्रोलरने विहीर बंद करून माणसाची वाट बघावी. काही जण ही अट त्रासदायक म्हणून काढून टाकतात. मी ती कधीच काढत नाही, आणि त्याचं कारण पुढे येईल.

प्लंजर आला नाही तर टाकीकडे उघडून कमी दाबाने ओढून घेण्याची सोय बऱ्याच कंट्रोलरमध्ये असते. तीत मिथेन हवेत जातो. न्यू मेक्सिकोच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे २०२६ अखेर उत्पादकांना ९८ टक्के गॅस पकडायचा आहे, त्यामुळे ही सोय आपोआप चालणारी ठेवू नका. ती बंद ठेवा, गरज पडली तर माणूस जाईल.

सूर लावणं

पहिले आठदहा आगमन ‘ठीक’ खिडकीत येईपर्यंत काहीच बदलू नका. मग उचलणारा दाब ५ ते १० पीएसआयने कमी करा आणि पुन्हा आठदहा फेऱ्या थांबा. एका वेळी एकच आकडा. दोन आकडे एकत्र हलवले की कशाचा परिणाम झाला ते देवालाही सांगता येणार नाही.

उद्देश असा की विहिरीने लहान लहान घास वारंवार आणावेत. ४ बॅरल पाणी अर्ध्या-अर्ध्या बॅरलने आणायचं तर दिवसाला ८ फेऱ्या, म्हणजे तीन तासांची एक. तेच पाणी ४ फेऱ्यांत आणलं तर दर वेळी ११२ पीएसआयचं ओझं थरावर बसणार आणि ते उचलायला दाबही जास्त साठवावा लागणार. जास्त वेळ बंद ठेवून ‘दणक्यात’ उघडण्याची आवड असलेले पंपर मी बघितलेत. दणका मिळतो, महिन्याचा गॅस मात्र कमी भरतो.

उघडण्याचा दाब जमला की मग प्लंजर आल्यानंतरचा वाहता काळ वाढवा. आगमन मंद व्हायला लागले की पाणी जास्त साठतंय, एक पायरी मागे या. जलद व्हायला लागले तर दाब अजून उतरवता येईल. आणि रोज एक आकडा वहीत लिहा: दिवसभरातलं सरासरी केसिंग. तो आठवड्यागणिक उतरत असेल तर तुम्ही बरोबर चालला आहात. प्लंजर वेळेवर येतोय, सगळं हिरवं दिसतंय आणि तरी केसिंग रोज तीनचार पीएसआयने चढतंय, असं असेल तर विहीर हळूहळू दबते आहे. हिरव्या दिव्याकडे बघून गप्प बसू नका.

आपोआप जुळवणारी सोय असते, म्हणजे मंद आला तर कंट्रोलर स्वतःच बंद वेळ वाढवतो आणि जलद आला तर कमी करतो. उपयोगी आहे, पण तिला खालची आणि वरची मर्यादा घातलीच पाहिजे. माझी चूक इथेच झाली होती. एका विहिरीवर सेन्सरचा पट्टा सैल झाला. प्लंजर दर वेळी येत होता, पण कंट्रोलरच्या लेखी ‘आला नाही’. दर ‘न आलेल्या’ फेरीनंतर त्याने बंद वेळ वाढवला आणि केसिंग चढत गेलं. मी ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो. अलार्म बघितला, विहीर दबली असं ठरवलं आणि वर आणखी एक तास माझ्या हाताने वाढवला. पुढच्या उघडीला प्लंजर चार मिनिटांत वर आला, मिनिटाला १,७५० फुटांनी. ल्युब्रिकेटरमधली स्प्रिंग तुटली. विहिरीवर कुणी नव्हतं हे नशीब. आलेख मी आधी नीट बघितला असता तर दर फेरीत ट्यूबिंगची ती छोटी उडी आणि लगेचचा गॅसचा लोंढा मला स्पष्ट दिसला असता. प्लंजर येत होता, फक्त सांगणारा सेन्सर मुका झाला होता.

बिघाड ओळखताना

म्हणून ‘आला नाही’ असा अलार्म आला की पहिल्यांदा आलेख उघडा. उडी आणि लोंढा असेल तर सेन्सर बघा. नसेल आणि केसिंग-ट्यूबिंग फरक मोठा असेल तर पाणी खरंच जास्त आहे: विहीर जास्त वेळ बंद ठेवा, आणि उचलणारा दाब पुरेसा साठला की हाताने एक फेरी मारा. विहीर वाहत असतानाही केसिंग आणि ट्यूबिंग जवळजवळ सारखेच उतरत असतील आणि प्लंजर येत नसेल, तर नळीला भोक असण्याचा संशय घ्या. तिथे कंट्रोलर काही करू शकत नाही, नळी बाहेर काढून दुरुस्त करणारी वर्कओव्हर रिग लागेल.

प्लंजर येतो, पण आठवड्यागणिक मंदावतोय आणि पाणी वाढलेलं नाही? तो झिजलाय, गॅस बाजूने निसटतोय. बाहेर काढून व्यास मोजा आणि नव्याच्या मापाशी ताडून बघा. एका अंगाने झिजलेला असेल तर नळी तिरकी आहे आणि पुढचाही तसाच झिजेल. प्लंजरच्या पॅडवर वाळू दिसली तर ब्रशवाल्या प्लंजरचा विचार करा.

सगळ्याच विहिरींचं आगमन एका रात्रीत मंदावलं असेल तर एकेका विहिरीचं सेटिंग बदलत बसू नका. लाइन चढली आहे, कॉम्प्रेसर स्टेशनला फोन करा.

हिवाळा

फार्मिंग्टन समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांहून जास्त उंचीवर आहे आणि जानेवारीत पहाटे पाणी गोठतंच. मोटर व्हॉल्व्हपाशी दाब पडतो तिथे गॅस गार होऊन बर्फासारखा हायड्रेट धरतो. व्हॉल्व्ह उघडा दिसतो पण प्रवाह नसतो, आणि ट्यूबिंगचा दाब लाइनकडे उतरतच नाही. हायड्रेट रोखणाऱ्या मेथॅनॉलचा पंप थंडीच्या आधीच तपासून ठेवा. त्याहून जास्त वेळा अडवते ती डायफ्रामला जाणारी बारीक नळी. तिच्यातलं चहाच्या कपाइतकं पाणी गोठलं की व्हॉल्व्ह आहे त्या स्थितीत अडकतो. उघडा अडकला तर रात्रभर वाहून विहीर सकाळपर्यंत दबलेली असते. म्हणून नोव्हेंबरपासून प्रत्येक फेरीत, गेज बघून झाले की कंट्रोलरच्या झाकणाआधी मी ड्रिप भांड्याचा खालचा नळ उघडतो आणि कोरडा गॅस येईपर्यंत तिथेच उभा राहतो.